रक्त आटेल ही भीती



मागच्या पावसाळ्यात आपल्या गावची एक लेक बाळंत झाली. रक्त फार गेले. तालुक्याच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "रक्त भरावे लागेल. साठा कमी आहे. तुमच्यापैकी कोणी देता का?" सोबत सहा धडधाकट गडी होते. एक म्हणाला, विडी ओढून येतो. तो गेला तो गेलाच. दुसऱ्याला एसटी गाठायची होती. मी पुढे झालो, तर वय 65 च्या वर म्हणून मला मागे सारले. शेवटी तिच्या धाकट्या दिराने दंड पुढे केला.

ते गडी वाईट नव्हेत. रक्त दिले की अंगातले आटते, ही त्यांची भीती. म्हणून आज रक्तात काय असते ते सांगतो.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असते. गोठू नये म्हणून औषध घालून ते नळीत ठेवले, तर ताकासारखे निवळते. वर पिवळसर पाणी येते. त्याला रक्तद्रव म्हणतात. तो निम्म्याहून थोडा जास्तच असतो. अन्नाचा अंश तोच अंगभर पोचवतो.

खाली तांबड्या पेशी बसतात. मोहरीहून लहान थेंबात त्या 50 लाखांच्या आसपास असतात! त्यांत लोहाचा अंश असतो. श्वासातली हवा त्या धरतात आणि हातापायांपर्यंत नेतात. लोह कमी पडले की माणूस फिका दिसतो, चढावर धाप लागते. आपल्याकडे बायका सगळ्यांच्या मागून उरलेसुरले खातात. मग त्यांचे रक्त कमी का, हे वेगळे विचारायला नको.

मधल्या पातळ थरात पांढऱ्या पेशी असतात. त्या रोगजंतूंशी झुंजतात. तिथेच प्लेटलेट असतात. विळा लागला तर रक्त थांबवायला त्या धावतात. डेंगीत घसरतात त्याच या.

आता मुद्द्याचे. आपण मटणाची नळी चोखतो, तिच्यात मगज असतो ना? तसाच मगज आपल्या हाडांत आहे. तिथे रोज नवे रक्त तयार होते. तांबडी पेशी जगतेच मुळी 120 दिवस. तुम्ही दिले नाही म्हणून ती टिकत नाही.

एका वेळी 350 मिलिलिटर घेतात. दोन फुलपात्री पाणीही नव्हे. रक्तद्रव एक-दोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. म्हणून पुरुषाने 3 आणि बाईने 4 महिन्यांनीच पुन्हा द्यावे. आधी वजन आणि रक्त तपासतात. कमी भरले तर घेत नाहीत. रक्ताचे गट 1901 साली लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने शोधले. गट जुळला की झाले. त्यात जात पाहत नाहीत.

पण साठा फार दिवस टिकत नाही. प्लेटलेट तर 5 दिवसांतच वाया जातात. म्हणून पेढीत नवे रक्त सारखे यावे लागते.

त्या दिराने तिथेच चहा-बिस्कीट खाल्ले. तिसऱ्या दिवशी तो रानात कोळपे धरून उभा होता. भावजय बाळाला घेऊन सव्वा महिन्यात घरी आली.