लोखंडी अंगाचा रंधा

सुताराच्या हातातला लाकडी रंधा आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. आज मी ज्या रंध्याविषयी बोलणार आहे, त्याचे अंग मात्र धातूचे असते. आणि तेही कारखान्यात ओतलेले नव्हे, हाताने घडवलेले. कचेरीच्या फायलींत दिवस घालवणाऱ्या माणसाने या उद्योगात का पडावे, असे आपण विचाराल. त्याला कारण झाले माझ्या वडिलांचे शिसवी मेज.

एका बदलीच्या प्रवासात ते पावसात भिजले आणि वरची फळी वाकडी झाली. घरातला जुना लाकडी रंधा घेऊन मी ती सपाट करू लागलो. परंतु शिसवीचे तंतू एका दिशेने धावत नाहीत. वीतभर सरळ येतात आणि पुढे उलटे फिरतात. पाते तेथे पोचले की लाकूड कापले न जाता उपटून निघते. यावर उत्तम धार तर हवीच, पण रंध्याचे तोंडही अरुंद हवे. तोंड म्हणजे तळातली ती फट, जिच्यातून पाते खाली डोकावते. तिची पुढची कड पात्याला अगदी लगटून असली, म्हणजे ती तंतूंना दाबून धरते आणि लाकडाची चीर पुढे धावत नाही. लाकडी रंध्याचा तळ झिजतो, हवेप्रमाणे वाकतो; तो पुन्हा तासावा, तर तोंड आणखी रुंद होते.

ही अडचण पुरातन आहे. रोमन सुतारही लोखंडी तळाचे रंधे वापरीत. सिल्चेस्टरच्या उत्खननात सापडलेला असा एक रंधा इंग्लंडमधील रेडिंगच्या संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील एअर गावच्या स्टुअर्ट स्पायर्सने आणि पुढे लंडनच्या टॉमस नॉरिसने ही कला कळसाला नेली. बाहेर धातूची पेटी, तिच्या पोटात शिसवी लाकूड, असा त्यांचा थाट. पाते पुढेमागे करणे आणि तिरके वळवणे ही दोन्ही कामे एकाच दांड्याने करणारी नॉरिसची युक्ती 1913 सालची.

ही पेटी कशी करतात ते पाहण्याजोगे आहे. तळ आणि दोन बाजू अशा तीन पट्ट्या घ्यायच्या आणि त्यांच्या कडांना पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारख्या खाचा कापायच्या. लाकडात हा सांधा सुतार नित्य करतो, पण तो एका दिशेने सुटू शकतो. येथे तो दोन्ही दिशांनी अडकलेला! मग तो जुळवला तरी कसा? त्याचे रहस्य हातोडीत आहे. थोडा धातू मुद्दाम वर शिल्लक ठेवतात आणि हलक्या, असंख्य ठोक्यांनी तो रिकाम्या कोपऱ्यांत पसरवतात. नंतर कानस फिरवायची. पोलाद पोलादात असे मिसळते की सांध्याची रेषही दिसू नये. बाजू पितळेच्या असल्या, तर मात्र पिवळ्या शेपट्यांची नक्षी उमटते. पुढे पोटात ठोकळा बसवून त्यावर पाते टेकवायचे आणि पितळी पट्टीने ते घट्ट आवळायचे.

सांगायला हे सोपे. माझ्या पहिल्या रंध्याचे सांधे बरे जमले, पण तोंड मी घाईने कानसले. दोन हात अधिक फिरले आणि फट रुंद झाली. कानसलेला धातू काही परत येत नाही. तरीही मोहाने तो मी मेजावर चालवला आणि एका कोपऱ्यात लाकूड उपटले.

दुसऱ्या रंध्याला सगळा पावसाळा लागला. तोंड कानसताना दर चार हातांनी मी थांबत असे आणि पाते घालून पाहत असे. त्याच्या वजनानेच तो फळीवर स्थिर बसतो. वरून दाबावा लागत नाही. आता कांद्याच्या पापुद्र्यासारखा छिलका निघतो, आणि उलट्या तंतूंवरूनही फळी काचेसारखी गुळगुळीत होते.

त्या कोपऱ्यातले व्रण काढायचे, तर सबंध फळीचे अर्धे सूत लाकूड खर्ची पडले असते. मी ते तसेच राहू दिले आहेत. दौत तेथेच ठेवतो.