अळूपासून मनीप्लांटपर्यंत

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



लग्न होऊन मी बडोद्याला आले तेव्हापासून या मंडळाच्या मांडवात बसते आहे. इथे मी कीर्तनं ऐकली, नाट्यसंगीत ऐकलं, ज्ञानेश्वरीवरची व्याख्यानं ऐकली. माझ्या वाट्याला विषय आला तो बाथरूममधल्या झाडांचा! चिटणीसांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, अहो, गणपतीसमोर हे शोभेल का? ते म्हणाले, "बाई, तुम्ही तीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलंत. आणि आता प्रत्येक घरातून तोच प्रश्न येतोय. नव्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये झाड लावतात आणि दोन महिन्यांत मरतं." म्हणून उभी राहिले.

पण खरं सांगायचं तर न्हाणीघर आणि झाड ही जोडी आपल्याला नवी नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात न्हाणीघर मागच्या अंगाला होतं. तांब्याचा बंब, घंगाळ, बसायला दगड. मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून परसात जायचं आणि तिथे अळू असायचं. पलीकडे कर्दळ, त्याच्या पलीकडे केळ. त्या अळवाला कोणी कधी मुद्दाम पाणी घातलं नाही. दहा माणसांच्या आंघोळीचं पाणी त्याला पुरून उरायचं. काल ऋषिपंचमी झाली. ऋषीच्या भाजीत अळू पडायचं ते तिथलं, आणि पितृपंधरवड्यातही तिथलंच. सासूबाई विळी घेऊन जायच्या आणि देठासकट पानं कापून आणायच्या.

त्या अळवाला पाणी आणि ओल तर होतीच, पण डोक्यावर आभाळही होतं. हा शेवटचा भाग आपण फ्लॅटमध्ये येताना विसरलो. मासिकात फोटो बघतो, पांढऱ्या टाइल्स, कोपऱ्यात हिरवंगार नेचं, आणि वाटतं की बाथरूम दमट असतं म्हणजे झाडाची सोय झाली. झाडाला दमट हवा मानवते, हे बरोबर. पण दमट हवा हे त्याचं अन्न नाही. अन्न ते उजेडातून करतं. आमच्या फ्लॅटमधलं एक बाथरूम सहा बाय चार फुटांचं, खिडकी डक्टमध्ये उघडणारी, तिला दुधी काच. तिथे दुपारी बारा वाजता दिवा बंद करून मला वर्तमानपत्राचा मथळा दिसला, पण बातमी वाचता आली नाही. हीच परीक्षा तुम्ही घरी करा. बातमी वाचता आली तर झाड लावा. नुसता मथळा दिसत असेल तर फार सोशिक झाडच टिकेल. काहीच दिसत नसेल तर तिथे झाड ठेवणं म्हणजे त्याला कोंडून मारणं आहे. फार हौस असेल तर सारख्या दोन कुंड्या करा, एक आठवडाभर बाथरूममध्ये, दुसरी गॅलरीत, आणि रविवारी अदलाबदल. किंवा साधा पांढरा एलईडी दिवा रोज दहा-बारा तास लावून ठेवा. वीजबिल यजमानांना दाखवू नका, एवढंच.

आता दमट हवा करते काय? पानाला सूक्ष्म रंध्रं असतात. त्यांतून झाड हवा आत घेतं आणि तेव्हाच पाणी बाहेर गमावतं. भोवतालची हवा कोरडी असेल तर पाणी भराभर जातं, दमट असेल तर सावकाश. ज्या झाडांची पानं पातळ आणि रुंद, जी मूळची पावसाळी जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढलेली, त्यांना सावकाशपणा लागतो. पण याचीच दुसरी बाजू अशी की बाथरूममधल्या कुंडीतली माती लवकर वाळत नाही. आपण गॅलरीतल्या झाडांना रोज पाणी घालतो, जाता जाता यालाही घालतो. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, पान पिवळं पडतं. पिवळं दिसलं म्हणून आपण आणखी पाणी घालतो! बाथरूममधली झाडं तहानेने फार थोडी मरतात, बुडून जास्त मरतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी. आणि कुंडीला खाली भोक हवंच. चिनी मातीची सुंदर बिनभोकाची कुंडी फुलदाणी म्हणून ठेवा.

बडोद्याची एक गोष्ट पुण्या-मुंबईहून आलेल्या सल्ल्यात नसते. मुंबईची हवा बाराही महिने ओली. आपल्याकडे भाद्रपदात कपडे वाळत नाहीत आणि वैशाखात, पारा ४२-४३ला गेला की, ओठ फुटतात. श्रावणात नर्सरीतून आणलेलं नाजूक नेचं गोकुळाष्टमीला डौलात असतं आणि अक्षयतृतीयेला त्याचा पाचोळा झालेला असतो. उन्हाळ्यात घरातली त्यातल्या त्यात ओली जागा बाथरूमच, तेव्हा झाडं तिथे हलवायची तर मे महिन्यात हलवा. पावसाळ्यात त्यांना बाहेर काढलंत तरी चालेल. आपण नेमकं उलटं करतो.

मग लावायचं काय? मनीप्लांट तुम्हाला माहीतच आहे. पैशाशी त्याचा काही संबंध नाही, चोरून आणला तरच लागतो हेही खरं नाही. मी विकत घेतलेला तितकाच फोफावला. मूळचा तो ताहितीजवळच्या मोरेआ बेटाचा. त्याला फूल जवळजवळ कधीच येत नाही, सगळा प्रसार तुकड्यांवर चालतो. पण तो कोणाचा नातेवाईक आहे? आपल्या अळवाचा! एकाच कुळातला. सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, अॅग्लोनिमा, पांढरी फुलं येणारी पीस लिली, ही सगळी त्याच घरातली भावंडं. म्हणजे मोरीमागचं अळू गेलं आणि त्याची परदेशी चुलत भावंडं मोरीच्या आत येऊन बसली. पीस लिली मला त्यातल्या त्यात आवडते, कारण ती बोलते. पाणी कमी पडलं की सगळी पानं आडवी टाकते, पाणी घातलं की काही तासांत उठून बसते.

नातेवाईक म्हटलं की गुणही आले. अळू खाजतं, कारण पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणी असतात. म्हणून आपण चिंच घालतो आणि चांगलं शिजवतो. त्याच कणी मनीप्लांटमध्ये आहेत, आणि डिफेनबॅकियात तर फारच. घरात रांगतं मूल असेल तर त्या रुंद ठिपकेदार पानाच्या डिफेनबॅकियाला दारातही आणू नका. पान चावलं तर जीभ आणि तोंड सुजतं.

स्पायडर प्लांट, ते पांढऱ्या पट्ट्यांचं, लांब गवतासारखं पान, त्याचाही एक घरचा संबंध आहे. कोकणात पहिल्या पावसात फोडशीची भाजी मिळते. ती आणि सफेद मुसळी दोघीही स्पायडर प्लांटच्या जवळच्या बहिणी. हे झाड टांगून ठेवलं की त्याला पिल्लं लोंबतात, ती कापून लावायची. विषारी नाही, त्यामुळे नातवंडांच्या घरात मी हेच सुचवते.

नेच्यांपैकी बॉस्टन फर्न खिडकीच्या बाथरूममध्ये चांगलं राहतं. हंसराज मात्र मोह पाडतो आणि फसवतो. काळ्या चकचकीत दोऱ्यासारखे देठ, त्यावर नाजूक पानं. जुन्या विहिरींच्या आतल्या भिंतीवर, पायऱ्यांच्या फटींत तो पाहिला असेल. तिथे बाराही महिने गारवा, झिरपतं पाणी, वरून येणारा मंद उजेड. विहीर घरात आणता येत नाही. मी तीन वेळा हंसराज आणला आणि तिन्ही वेळा घालवला. चौथ्यांदा आणणार आहे, ते सोडा.

स्नेक प्लांट आणि झेडझेड बाथरूमला चांगले असं सगळे सांगतात. ते ओलीसाठी नव्हे, कमी उजेड सोसतात म्हणून. झेडझेडच्या मुळाशी पाणी साठवणारे कंद असतात. या दोघांना शॉवरच्या तुषारांपासून लांब ठेवा आणि पाणी महिन्यातून एकदोनदाच द्या. कोरफड, निवडुंग, जेड यांना तिथे नेऊच नका. मागे एका वहिनींनी विचारलं, दूर्वा लावू का बाथरूममध्ये, रोजच्या पूजेला ताज्या मिळतील? वहिनी, शास्त्र राहू द्या, दूर्वेला ऊन लागतं!

हवा शुद्ध होते का, हेही नेहमी विचारतात. १९८९ साली नासाने बंद पेटीत झाडं ठेवून प्रयोग केले, तिथून ही गोष्ट पसरली. पेटी आणि घर यांत फरक आहे. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा निघालं की उघडझाप होणाऱ्या खोलीत परिणाम जाणवायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. मग आंघोळ आपण उभ्याने करायची की झाडावर बसून? झाड डोळ्यांना बरं वाटतं म्हणून लावा. हवेसाठी एक्झॉस्ट पंखा आहे.

आता जे सांगायला मी खरं म्हणजे हो म्हटलं, ते सांगते.

आमच्या बाथरूमच्या खिडकीत एक निळी काचेची बाटली होती. सरबताची, छान आकाराची. त्यात मनीप्लांटच्या दोन फांद्या. पाण्यात पांढरी मुळं सुटलेली, सकाळी उजेड त्यातून आरपार यायचा. येणारे-जाणारे कौतुक करायचे आणि मी खूश. पाणी कमी झालं की वरून घालायची. बदलायची नाही. काही वर्षांपूर्वी, गौरी-गणपती उठले त्याच आठवड्यात माझ्या नातवाला ताप भरला. तेव्हा तो सात वर्षांचा होता. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला, डेंग्यू. मग ते प्लेटलेटचे आकडे सुरू झाले, रोज सकाळ-संध्याकाळ, रोज कमी. सून रात्रभर खुर्चीवर बसलेली, मी घरून मऊ भात घेऊन जायची, तो तोंड फिरवायचा. सहा रात्री दवाखान्यात काढल्या. आकडे चढले, मुलगा घरी आला.

तो घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी महानगरपालिकेच्या मलेरिया खात्याची एक मुलगी तपासणीला आली. टाकी पाहिली, कुंड्यांच्या ताटल्या पाहिल्या, फ्रिजमागचा ट्रे पाहिला. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आमच्याकडे कुठे पाणी साचत नाही. ती बाथरूममध्ये गेली, बाटलीवर बॅटरी मारली आणि टिचकी मारली. वर आलेलं काहीतरी वळवळत खाली गेलं. ती हळूच म्हणाली, "बेन, आमां पोरा छे."

पोरा म्हणजे डासांच्या अळ्या. डासाचं जीवनचक्र मी नववीच्या वर्गात फळ्यावर दरवर्षी काढत आले होते, रंगीत खडूंनी. नातवाला चावलेला डास त्याच बाटलीतला होता की शाळेतला, हे कोणी सांगू शकत नाही. घरात सगळ्यांनी मला हेच समजावलं. पण बाटली माझी होती.

हा डास गटारापेक्षा घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. आपल्या हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा. आमच्याकडे शनिवार. पण नुसतं पाणी ओतून दिलं तर काम झालं नाही, हे मला उशिरा कळलं. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. पाणी घातलं की पुन्हा सुरू. ब्रशने आतून घासायचं, मुळंही धुवायची. निमुळत्या तोंडाच्या बाटलीत ब्रश जात नाही, म्हणून ती घ्यायचीच नाही. त्यापेक्षा मातीत लावा. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणीही त्याच दिवशी रिकामं करून घासा.

आणखी एक, आमच्या वयाच्या मंडळींसाठी. कुंडी बाथरूमच्या जमिनीवर ठेवू नका. पहाटे अर्धवट झोपेत, ओल्या टाइलवर, पाय कशाला लागला हे कळेपर्यंत माणूस खाली असतं. वर टांगा किंवा खिडकीत ठेवा, आणि ती घट्ट बसवा. अॅसिडने फरशी घासायच्या दिवशी झाडं बाहेर काढा, वाफेने पानं जळतात.

वाडा बिल्डरला दिला तेव्हा सासूबाईंनी परसातल्या अळवाचे दोन कंद ओल्या फडक्यात बांधून आणले. त्यांचा आग्रह, बाथरूममध्ये बादलीत लावायचं, कारण अळू मोरीपाशीच असतं. लावलं. देठ दोन-दोन फूट लांबले, पानं तळहाताएवढी आणि फिकट, सगळी खिडकीकडे वळलेली. महिनाभर त्यांनी ते पाहिलं आणि एक दिवस म्हणाल्या, "अगं, हे वर आभाळ शोधतंय." मग बादली पूर्वेच्या गॅलरीत गेली. आता आंघोळीचं पाणी मुलगा मगाने नेऊन घालतो, साबणाचं नव्हे, आधीचं. सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, कालच्या ऋषीच्या भाजीत चार पानं त्या बादलीतली होती. खाजली थोडी. चिंच कमी पडली, ती माझी चूक.

मागच्या टेबलावर स्पायडर प्लांटची पिल्लं आणि मनीप्लांटचे तुकडे ओल्या कागदात गुंडाळून ठेवलेत. जाताना एकेक घेऊन जा. बाटली मात्र कोणी मागू नका. आता प्रश्न विचारा, मागच्या रांगेतून सुरुवात करू.