रेवदंड्याच्या किनाऱ्यावर घरच्यांचा फोटो

रेवदंड्याचा किनारा पश्चिमेकडे. संध्याकाळी सगळे घर समुद्राकडे पाठ करून उभे राहते आणि फोटोत सूर्य सुरेख, माणसे मात्र काळीठिक्कर! कॅमेरा उजळ आकाशाचा हिशेब धरतो, चेहऱ्यांचा नाही.

उपाय सोपा. सूर्य बुडायच्या तासभर आधी जा. समुद्राकडे पाठ तुम्ही करा, घरच्यांना तोंड समुद्राकडे करू द्या. कोवळे ऊन थेट चेहऱ्यांवर येते आणि मागे पोर्तुगीजांच्या किल्ल्याची तटबंदी मिळते. सूर्यास्तच हवा असेल, तर मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, उजेड थोडा वाढवा.

दुपारी जायची वेळ आलीच, तर तटाच्या सलग सावलीत उभे राहा. सुरूच्या झाडांखाली नको. तिथे तोंडावर उन्हाचे कवडसे पडतात.

घोळका मोठा असेल, तर कडेची माणसे ताणल्यासारखी दिसतात. त्यांना चौकटीच्या टोकाला ठेवू नका, दोन पावले मागे सरका. आजीला खुर्ची द्या, नातवंडे तिच्याजवळ. ‘हसा, हसा’ म्हणू नका. त्याने कोणी मनापासून हसत नाही. गप्पा मारू द्या, एकापाठोपाठ फोटो घ्या.

आणि खाऱ्या वाऱ्याने भिंग धुरकट होते. आधी ते मऊ सुती कापडाने पुसा.