शेजारधर्म आणि युरोप

१९९१ च्या जूनमध्ये युगोस्लाव्हिया फुटू लागला, त्या वेळी युरोपीय समुदायात बारा राष्ट्रे होती. पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर त्यांनी कोळसा आणि पोलाद यांच्या सामाईक व्यवहारातून शमविले होते. त्यामुळे शेजारचा हा तंटा अमेरिकेवाचून आपणच मिटवू, असा त्यांच्या मुत्सद्द्यांना भरवसा वाटला. जुलैत ब्रिओनी बेटावर स्लोव्हेनियापुरता समेट त्यांनी घडवूनही आणला. परंतु एप्रिल १९९२ मध्ये बोस्निया पेटला आणि तो भरवसा किती पोकळ होता हे दिसून आले.

समुदायापाशी संपत्ती होती. एकमत नव्हते आणि स्वतःचे सैन्यही नव्हते. सदस्यांनी तुकड्या पाठविल्या त्या संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजाखाली. त्या शांतिसेनेचे पहिले सेनापती भारताचे सतीश नंबियार. मराठा लाइट इन्फंट्रीत घडलेला हा सेनानी. पण लढणाऱ्यांनाच शांतता नको असेल, तर शांतिसेनेने राखावयाचे काय? स्रेब्रेनिका हे गाव १९९३ मध्ये ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाले होते. तेथे डच सैनिक पहाऱ्यावर असताना, जुलै १९९५ मध्ये, आठ हजारांहून अधिक पुरुष व मुलगे मारले गेले. युद्ध थांबविणारा करार अखेर नोव्हेंबरात ठरला, तो अमेरिकेतील डेटन येथील लष्करी विमानतळावर.

न्यायाच्या कामी मात्र युरोपला एक निराळेच शस्त्र सापडले. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या हेग येथील न्यायाधिकरणाला स्वतःचे पोलीस नव्हते. युरोपीय संघाने सदस्यत्वाचा दरवाजा अडवून धरला. सेनापती गोतोविना हाती लागला नाही, म्हणून मार्च २००५ मध्ये क्रोएशियाशी व्हावयाची बोलणी पुढे ढकलण्यात आली. तो २०१२ साली अपिलात निर्दोष सुटला हे खरे, पण न्यायासनासमोर उभे राहणे त्याला चुकले नाही. म्लादिचपायी २००६ मध्ये सर्बियाशी चाललेली बोलणी थांबली. मे २०११ मध्ये सर्बियाने त्याला पकडले आणि मार्च २०१२ मध्ये सर्बियाची उमेदवारी मान्य झाली. हा सद्सद्विवेक नव्हे, निव्वळ सौदा, असे टीकाकार म्हणतात. असेलही, पण या सौद्यावाचून तो पकडला गेला असता काय?

म्लादिचची जन्मठेप २०२१ साली कायम झाली. नेदरलँड्सच्या संरक्षणमंत्र्यांनी स्रेब्रेनिकातील मृतांच्या आप्तांची क्षमा मागितली ती जुलै २०२२ मध्ये, सत्तावीस वर्षांनी.