खुले शासन आणि बंद दप्तर
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

5 ते 7 फेब्रुवारी 2025 या तीन दिवसांत फिलिपाइन्सची राजधानी मनिला येथे आशिया व पॅसिफिक विभागाची एक परिषद भरली. विषय होता खुले शासन. निरनिराळ्या देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी आणि नागरी संघटनांचे कार्यकर्ते एकत्र बसले, आणि राज्यकारभाराचे दप्तर जनतेपुढे कसे उघडे करावे याचा त्यांनी ऊहापोह केला. आपल्याकडील वृत्तपत्रांनी या घटनेची फारशी दखल घेतली नाही. समाजवादी कार्यकर्ताही असल्या संमेलनांकडे वातानुकूलित सभागृहातील खटाटोप म्हणूनच पाहतो. त्याचा संशय अगदीच निराधार आहे असे नाही. परंतु मनिलाच्या सभागृहात जे बोलले गेले त्यापेक्षा पुढील दहा महिन्यांत त्याच देशात जे घडले, ते या कार्यकर्त्याने अवश्य अभ्यासावे असे आहे.

ही परिषद भरविणारी 'ओपन गव्हर्न्मेंट पार्टनरशिप' ही आंतरराष्ट्रीय संघटना सप्टेंबर 2011 मध्ये आठ सरकारांनी स्थापन केली. ब्राझील, इंडोनेशिया, मेक्सिको, नॉर्वे, फिलिपाइन्स, दक्षिण आफ्रिका, ब्रिटन आणि अमेरिका ही ती आठ. सदस्य सरकारने नागरी संघटनांच्या सहकार्याने एक कृती-आराखडा तयार करावयाचा, आणि त्याचे पालन झाले की नाही हे स्वतंत्र परीक्षकांनी तपासावयाचे, अशी तिची रीत आहे. आश्वासन मोडणाऱ्या सरकारला शिक्षा अशी काही नाही. ते 'निष्क्रिय' ठरू शकते. प्रारंभीच्या चर्चांत भारताचाही सहभाग होता, पण स्थापनेपूर्वीच तो बाजूला झाला आणि सदस्य झाला नाही.

या व्यवस्थेत काहीच अर्थ नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या देशांत सचिवाच्या दालनाबाहेर नागरिकाला तासन् तास तिष्ठत बसावे लागते, तेथे त्याच सचिवाला नागरिकासमोर एका टेबलाशी बसून जाब द्यावा लागणे ही लहान गोष्ट नव्हे. प्रश्न इतकाच की, टेबल मांडतो कोण आणि खुर्ची कोणाला मिळते? निमंत्रणाने मिळालेली खुर्ची पुढच्या खेपेस मिळेलच अशी हमी कोणी देत नाही.

यजमान देशाचीच स्थिती पाहा. 1986 साली जनतेच्या उठावाने फर्डिनांड मार्कोस यांची हुकूमशाही कोसळली आणि 1987 च्या संविधानाने सार्वजनिक बाबींची माहिती मिळण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला. पण त्या हक्काला यंत्रणा आणि दंडशक्ती देणारा कायदा तेथील काँग्रेसने 2025 अखेरपर्यंतही संमत केला नव्हता. जुलै 2016 मध्ये निघाला तो राष्ट्राध्यक्षांचा केवळ एक आदेश. तो फक्त कार्यकारी शाखेपुरता. काँग्रेस आणि न्यायसंस्था त्याच्या कक्षेबाहेर. शिवाय एका राष्ट्राध्यक्षाने काढलेला आदेश दुसरा मागे घेऊ शकतो. आणि तरीही अंदाजपत्रकाच्या पारदर्शकतेविषयीच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत या देशाला 100 पैकी 75 गुण मिळाले होते! कागद प्रसिद्ध होत होते, तक्ते छापले जात होते, गुण पडत होते.

मनिलाची परिषद भरण्यापूर्वी काही दिवसच, जानेवारी 2025 मध्ये, तेथील सर्वोच्च न्यायालयात एक अर्ज दाखल झाला होता. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकाच्या अहवालात आकड्यांच्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या, असा त्यातील आक्षेप होता. सरकारने तो नाकारला. पण ज्या समितीची बैठकच तेव्हा बंद दाराआड होत असे, तिच्या अहवालात काय होते आणि काय नव्हते याची खात्री सामान्य नागरिकाने कशी करावी?

मग पावसाळा आला, आणि पुराच्या पाण्यातून गोष्टी वर आल्या. 28 जुलैच्या वार्षिक भाषणात राष्ट्राध्यक्ष मार्कोस (हे पदच्युत हुकूमशहाचे पुत्र) यांनी पूरनियंत्रणाच्या कामांतील भ्रष्टाचारावर जाहीर कोरडे ओढले. ऑगस्टमध्ये सरकारनेच आकडे मांडले. जुलै 2022 पासूनची 9,855 कामे, खर्च 545 अब्ज पेसोंहून अधिक. आणि त्यातील सुमारे 100 अब्जांची कामे अवघ्या 15 ठेकेदारांच्या हाती. बुलाकान प्रांतात बालिवाग येथे राष्ट्राध्यक्ष स्वतः पाहणीस गेले. सुमारे साडेपाच कोटी पेसो खर्चाची नदीकाठची भिंत कागदोपत्री पूर्ण झालेली होती. जागेवर भिंत नव्हती.

साथींनो, या एका भिंतीपाशी थांबून विचार केला पाहिजे. अंदाजपत्रकात ती भिंत होती, हिशेबात होती, पूर्णतेच्या अहवालात होती. नदीकाठी राहणाऱ्या कोळ्याला किंवा शेतकऱ्याला ती तेथे नाही हे पहिल्या दिवसापासून दिसत होते. पण त्याच्या डोळ्यांना दिसणारे आणि राजधानीतील कागदावर असणारे, ही दोन्ही एकमेकांशेजारी ठेवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला नव्हता. 75 गुणांचे खुलेपण आणि न बांधलेली भिंत एकाच देशात सुखेनैव नांदत होती, ती यामुळेच.

21 सप्टेंबर रोजी, म्हणजे 1972 च्या लष्करी कायद्याच्या स्मृतिदिनी, मनिलाच्या रस्त्यांवर प्रचंड निदर्शने झाली. डिसेंबर 2025 मध्ये त्या बंद दाराआडच्या संयुक्त समितीची बैठक प्रथमच जनतेला थेट दाखवावी लागली. जे दार परिषदेच्या ठरावांना उघडता आले नाही, ते रस्त्यावरच्या रेट्याने किलकिले झाले. नागरी संघटनांची वर्षानुवर्षांची मागणी त्यामागे होतीच. पण तिला पाय फुटले ते निदर्शकांमुळे.

भारतात हा मार्ग उलट दिशेने चालला गेला, आणि त्याच्या आरंभी एक समाजवादी उभा आहे हे फार थोड्यांना स्मरते. राजनारायण यांनी इंदिरा गांधींच्या 1971 च्या निवडणुकीस आव्हान देताना पंतप्रधानांच्या दौऱ्यांसंबंधीच्या नियमांची 'ब्ल्यू बुक' ही पुस्तिका न्यायालयापुढे मागितली. सरकारने गुप्ततेचा विशेषाधिकार पुढे केला. जानेवारी 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण फेरविचारार्थ परत धाडले. पण न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी आपल्या निकालपत्रात, शासनाचे सेवक सार्वजनिक रीतीने जे जे करतात ते जाणण्याचा जनतेला हक्क आहे, असा सिद्धांत मांडला. पाच महिन्यांनी आणीबाणी आली, हा इतिहासाचा उपरोध.

सिद्धांताला देह दिला तो राजस्थानातील मजुरांनी. 1990 मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनवाया भरविल्या. सरकारी कामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले जात. नाव वाचले की गावकरी सांगत: हा मेला त्याला इतकी वर्षे झाली, हा तर परगावी असतो, ही बाई कामावर कधी गेलीच नाही. 1996 मध्ये ब्यावर येथे 40 दिवसांचे धरणे झाले. महाराष्ट्रात 2000 चा दुबळा कायदा रद्द होऊन 2002 चा कायदा आला, तोही अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने. आणि 2005 मध्ये केंद्रीय माहिती अधिकार कायदा झाला.

या साऱ्या पद्धतीचा प्राण होता हजेरीपटावरील नाव. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने नेमके त्यावरच बोट ठेवले. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(ञ) मध्ये पूर्वी खाजगी माहिती नाकारण्यास अटी होत्या: तिचा सार्वजनिक कार्याशी संबंध नसावा, व्यापक जनहित आड येत नसावे. जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्तीही होती. नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हे सारे खोडले. आता माहिती 'व्यक्तिगत' आहे एवढे कारण पुरते. कलम 8(2) मधील जनहिताची तरतूद शाबूत आहे, असे सरकार सांगते. ते खरे आहे. परंतु त्या कलमाने माहिती द्यावी की नाही हे प्रथम ठरविणार कोण? ज्याच्या दप्तरात ती दडली आहे तोच अधिकारी. मजुराचे नाव व्यक्तिगत, ठेकेदाराचे नाव व्यक्तिगत, सही करणाऱ्या अभियंत्याचे नावही व्यक्तिगत, असे म्हणण्याची वाट त्याला मोकळी झाली आहे.

भारत त्या भागीदारीत नसल्यामुळे या दुरुस्तीचा जाब विचारणारा कोणी परीक्षक बाहेरून येणार नाही. कलम पूर्ववत करण्याची मागणी संसदेत आणि संसदेबाहेर येथेच लढवावी लागेल. तोवर प्रत्येक नकारावर कलम 8(2) चा आधार घेऊन अपील दाखल करणे, कलम 4 नुसार स्वतःहून प्रसिद्ध करावयाची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली आहे की नाही हे पाहणे, आणि हाती आलेला हजेरीपट व मोजमाप पुस्तक कचेरीत नव्हे तर ग्रामसभेत, शक्य तर कामाच्या जागेवरच, त्या माणसांच्या देखत वाचणे, एवढे काम प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याला उद्यापासून करता येण्यासारखे आहे.