कायद्याने दिलेले दुःख



२०११ साली डब्लिनच्या अमांडा मेलेट यांना एकविसाव्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, की बाळ पोटातच दगावेल किंवा जन्मल्यावर फार जगणार नाही. त्यांना गर्भपात हवा होता. पण १९८३ च्या आठव्या घटनादुरुस्तीनं आयर्लंडमध्ये आईचा आणि गर्भाचा जगण्याचा हक्क सारखाच मानला होता. आईच्या जिवावर बेतलं तरच मुभा. बाकीच्यांनी परदेश गाठावा. मेलेट लिव्हरपूलला गेल्या. तिथं राहायला पैसे नव्हते, म्हणून प्रसूतीनंतर बारा तासांत, अंगावर रक्त जात असताना, त्या परतल्या. तीन आठवड्यांनी बाळाची राख कुरिअरनं घरी आली.

पुढच्याच वर्षी गॉलवेच्या रुग्णालयात बेळगावच्या सविता हलप्पनवार गेल्या. गर्भ वाचणार नव्हता, तरी ठोके सुरू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गानं त्यांचा बळी घेतला.

मेलेट यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे दाद मागितली. जून २०१६ मध्ये समितीनं निर्णय जाहीर केला: ही क्रूर, अमानुष, मानहानीची वागणूक आहे. देशाच्या कायद्यात बसते म्हणून ती क्षम्य ठरत नाही. सरकारनं तीस हजार युरो भरपाई दिली.

समितीकडे ना पोलीस, ना तुरुंग. पण एका बाईनं मुकाट सोसलेलं दुःख हा सरकारचा अपराध आहे, हे समितीनं जगासमोर नोंदवलं. पुढचं काम आयरिश लोकांनी केलं. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ती घटनादुरुस्ती रद्द करायला कौल दिला. २०१९ पासून तिथं बारा आठवड्यांपर्यंत मागणीनुसार गर्भपात करता येतो.

आपला भारतातला १९७१ चा गर्भपाताचा कायदा आयर्लंडच्या कितीतरी आधीचा. तरीही गर्भपाताची कायदेशीर मुदत उलटलेल्या अनेक जणींना आज उच्च न्यायालयाचा उंबरठा झिजवावा लागतो, आणि तिथं एकेक दिवस मोलाचा असतो. ही समिती ज्याच्या पालनावर लक्ष ठेवते, तो नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं १९७९ मध्ये स्वीकारला. मात्र समितीकडे व्यक्तिगत तक्रार करू देणारा त्याचा पूरक करार स्वीकारलेला नाही. म्हणजे देशातले सगळे मार्ग संपल्यावरही मेलेट जिथं गेल्या, तिथं आपली बाई जाऊ शकत नाही. तो पूरक करार आपल्या सरकारनं स्वीकारावा. स्वतःच्या कायद्यावर विश्वास असलेल्या लोकशाहीनं या तपासणीला भ्यायचं कारण नाही.