आपले कृपादान ओळखू या
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. विषयही त्यांनीच दिला : तुम्ही ख्रिस्ती बायका ज्याला कृपादान म्हणता ते काय, आणि ते ओळखावे कसे?

कृपादान म्हणजे देवाने कृपेने दिलेली देणगी. ती मिरवण्यासाठी नव्हे, दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी असते. करिंथ येथील मंडळीत या देणग्यांवरूनच चढाओढ लागली होती. तेव्हा पौलाने त्यांना शरीराचा दाखला दिला. अवयव पुष्कळ, पण एकावाचून दुसऱ्याचे चालत नाही. आपण किनाऱ्यावरच्या बायका. आपल्याला होडीचा दाखला अधिक पटेल. तांडेल सुकाणू धरतो, खलाशी जाळे ओढतात; पण मासळी निवडणारी, सुकत घालणारी, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी बाई नसेल, तर घरची चूल पेटेल का?

नव्या करारात टबीथा नावाची एक बाई आहे. तीही यापो या बंदरगावची. तिने उपदेश केल्याचे कुठे लिहिलेले नाही. ती विधवांसाठी कपडे शिवी. ती वारली तेव्हा त्या विधवा तेच कपडे दाखवून रडत होत्या. तिचे कृपादान सुईदोऱ्यात होते.

आपल्या महाराष्ट्रातलेच पाहा. पंडिता रमाबाईंची स्मरणशक्ती आणि भाषाज्ञान असामान्य. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हणून गौरविले. पुढे ती विद्या त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी वेचली. १९२२ साली त्या वारल्या. १९२४ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण हे एकट्या पंडितेचे काम नव्हे. केडगावच्या मुक्तिसदनातल्या बायकांनी खिळे जुळवले, छपाई केली. विद्या एकीची, हात अनेकींचे!

आणि लक्ष्मीबाई टिळक? शाळा अशी त्यांना लाभलीच नाही. पण १९१९ साली टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' याच बाईंनी पुरे केले. 'मला काय येते?' असे म्हणणाऱ्या प्रत्येक बहिणीने हे ध्यानात ठेवावे.

आता माझी स्वतःची चूक सांगते. चर्चमध्ये रविवारच्या शाळेत शिकवण्याचे काम मी मागून घेतले. मान होता ना त्यात! मुले चुळबुळ करीत, हळूहळू येईनाशी झाली. आमच्या शेजारी एक बाई होती, जेमतेम अक्षरओळख असलेली. ती विळीवर नारळ खवता खवता गोष्टी सांगे आणि तीच मुले तिच्याभोवती गोळा होत. मला हे दिसत होते, तरी तीन वर्षे मी ती जागा अडवून बसले. शेवटी मीच तिला हाताला धरून नेले. ती म्हणाली, "अगो बाय, माला कुटं वाचता येतं?" मी म्हटले, "वाचीन मी, सांगा तुम्ही." मुले परत आली. मला आजाऱ्यांकडे जाऊन बसायला सांगितले, आणि तिथे कळले की मला बोलण्यापेक्षा ऐकणे बरे जमते.

तेव्हा ओळखावे कसे? कोणते दुःख पाहून आपला जीव राहत नाही, ते आधी पाहावे. मग लहानसे काम हाती घेऊन बघावे. आणि त्या कामाने दुसऱ्याचे बरे होते की आपलाच मान वाढतो, हे प्रामाणिकपणे तपासावे. मात्र आपली देणगी पुष्कळदा आपल्याला दिसत नाही, शेजारणीला दिसते. म्हणून ती तिने सांगावी लागते.

कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई गाव आहे. पोर्तुगीज १७४० साली हा मुलूख सोडून गेले. पण त्यांच्या भाषेतून घडलेली बोली तिथल्या ख्रिस्ती घरांत आजही ऐकू येते. ती शाळेने राखली नाही, घरातल्या माणसांनी बोलून राखली. देणगीचेही तसेच आहे. वापरली तर राहते.

भगिनींनो, कोणी ख्रिस्ती असो वा नसो, आज घरी जाताना प्रत्येकीने आपल्या शेजारणीला एवढे सांगावे : "बाई, तुला हे चांगले जमते, आम्हाला त्याची गरज आहे." कदाचित हे तिला आजवर कोणीच सांगितले नसेल.